पाव मार्काचे काका

पावकाकांना पावाचा अजिबात शौक नव्हता. सिंगापूरच्या खाऊगल्लीत, हॉकर सेंटरमध्ये सगळे नूडल्स ओढत बसले, तरी हे आपला डबा उघडून पोळीभाजीच खात. नाव आम्ही शिकवणीच्या मुलांनी ठेवलं होतं. आमचं एखादं उत्तर चुकलं, की ते स्वतःचाच खिसा कापला गेल्यासारखे कळवळत, "गेला! पाव गेला!"

तेव्हा मी अमेरिकन पद्धतीच्या शाळेत होते. शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीची एपी परीक्षा द्यायची. त्यात पाच पर्यायांतून एक निवडायचा, आणि चुकला तर पाव मार्क कापला जायचा. शेवटी सगळी बेरीज होऊन एक ते पाचमधला एक आकडा हाती येई. पाच म्हणजे उत्तम. बाबांनी घरी जाहीर केलं होतं, गणितात पाच आले तर अमेरिकेत फिजिक्स, नाहीतर मुकाट्याने पुण्याला इंजिनिअरिंग. मला फिजिक्सच हवं होतं. म्हणून दर शनिवारी सेम्बावांगहून एमआरटी मेट्रोने बिशानला, काकांच्या फ्लॅटवर.

काका मास्तर नव्हते. चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत हिशेब बघायचे. पण मार्क कसे देतात याचं त्यांना भारी वेड. कुठल्या पायरीला किती मार्क, याचे छापील कागद ते कादंबरी वाचावी तसे सोफ्यावर लोळून वाचत आणि मध्येच खुदकन हसत.

मी मूळची भित्री. खात्री नसली की उत्तर कोरंच सोडायची.

"अगं बये, एक जरी पर्याय खात्रीने खोडता आला, तर उरलेल्यांतला बेधडक ठोक," काका म्हणत. "नुसतं अंदाजपंचे नको, पण इतकं घाबरायचंही नाही."

"पण चुकलं की मार्क कापतात! सो अनफेअर ला!" मी सिंगापुरी ढंगात कुरकुरायची.

"ला नाही नि ली नाही. सोडव."

मोठ्या गणितांना त्यांचा नियम उलटा. तिथे काहीही खोडायचं नाही. "खोडलेलं तपासणारा वाचतच नाही. उत्तर चुकू दे, वाटेचे मार्क असतात," हे त्यांनी इतक्या वेळा ऐकवलं, की मला ते पाठ झालं.

परीक्षेत शेवटचं गणित भलतीकडेच गेलं. वेळ संपत आलेली. लाज वाटून मी सगळ्यावर काट मारणार, तेवढ्यात काकांचा आवाज आठवला आणि पेन्सिल खाली ठेवली. ते अर्धं पान तसंच गेलं.

जुलैत निकाल आला, तशी मी बिशानला पळाले. दार काकूंनी उघडलं.

"किती?"

"पाच!"

काकूंचा चेहरा पडला. त्यांचा मुलगा इथल्याच शाळेत शिकलेला, आणि तिथे सगळ्यात वरची श्रेणी एक. मला जवळ घेऊन त्या म्हणाल्या, "असू दे गं. मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वेळी एक येईल हो." आणि माझ्या दुःखावर इलाज म्हणून त्यांनी शिरा केला. काका ऑफिसातून येईपर्यंत मी तो निमूट खात होते. त्यांना कळलं तेव्हा ते डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले.

"हसायला काय झालं? पाच काय नि एक काय, शिरा गोडच झालाय ना?" काकू फणकारल्या.

मी अमेरिकेला गेले. काही वर्षांनी सुट्टीवर आले तेव्हा काकांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. "सगळं कळतं गं त्यांना," काकू दारातच म्हणाल्या, "शब्द तेवढा सापडत नाही." मला बघून काकांनी डाव्या हाताने कागद ओढला. माझं नाव लिहायचं होतं. 'मे' आला, 'धा'च्या जागी नुसती वेडीवाकडी रेघ. ते स्वतःवरच चिडले. काट मारायला त्यांनी पेन्सिल उचलली, तसा मी हात धरला.

"खोडायचं नाही, काका. वाटेचे मार्क असतात."

त्यांच्या वाकड्या झालेल्या ओठांतून एकच शब्द निघाला, "पाव?"

"नाही काका, पाव नाही गेला. पाच आले."

या वेळी काकूंनी माझी समजूत काढली नाही. डोळे पुसत त्या उठल्या आणि शिरा करायला स्वयंपाकघरात गेल्या.