घमेल्याखालचा लोड

“साहेब, दोनापैकी एक करा,” मामीडवार शेठ म्हणाले. “बिल्डिंगचा लोड वाढवून द्या, नाहीतं त्या बाईची गिरनी बंद करा. दिवसाआड फ्यूज उडून राह्यला. मानसानं जगावं कसं?”

शेठजी तसे बरे जगत होते. बाजारात कापडाचं दुकान, बारा फ्लॅटच्या इमारतीत सगळ्यात मोठा फ्लॅट, आणि त्या इमारतीचं अध्यक्षपद. मी तेव्हा आदिलाबादला वीज खात्यात असिस्टंट इंजिनियर होतो. तेलंगण वेगळं व्हायच्या बऱ्याच आधीची ही गोष्ट. गावात अपार्टमेंट नावाचा प्रकार नुकताच आला होता. एका जिन्यावर बारा बिऱ्हाडं राहायला लागली की काय काय होतं, हे लोक शिकत होते आणि त्यांच्याबरोबर मीही शिकत होतो.

लोड म्हणजे घरातली सगळी यंत्रं मिळून किती वीज ओढतात तो आकडा. त्या आकड्यावरून खांबापासून इमारतीपर्यंतची केबल किती जाड हवी आणि फ्यूज केवढा हवा, हे ठरतं. फ्यूज ही मुद्दाम कमजोर ठेवलेली तार. जास्त वीज ओढली की आधी ती वितळते आणि बाकीची वायरिंग वाचते. आकडा काढायचा तर घरोघर जाऊन यादी करावी लागते. तिला आम्ही लोड सर्व्हे म्हणायचो.

मी वही घेऊन निघालो. बरोबर आमचा लाइनमन पोशेट्टी. तेलुगू माणूस, नोकरीत माझ्यापेक्षा पुष्कळ जुना. मराठी फर्डं बोलायचा, पण पाण्याला मरेपर्यंत नीळ्ळूच म्हणायचा आणि मला सार.

बारा घरांपैकी अकरा घरांत यादी एकाच छापाची निघाली. तीन ट्यूब, तीन पंखे, टीव्ही, मिक्सर, कुठे फ्रिज, कुठे कूलर. आणि अकराही घरांत न्हाणीतल्या नळाजवळ काहीतरी पालथं घातलेलं, बहुतेक ठिकाणी घमेलं.

“हे काय?” मी पहिल्या घरी विचारलं.

“काही नाही साहेब, धुनं हाय.”

दुसरीकडे पालथी टोपली होती. तिथल्या रिटायर हेडमास्तरांनी मला अडवलं. “हात नका लावू. खुडूक कोंबडी बसली हाय अंड्यावर.” दुसरा मजला, न्हाणी, आणि कोंबडी. पोशेट्टीनं टोपलीला कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, “सार, फार शांत कोंबडी आहे.”

मामीडवार शेठच्या घरी घमेल्यावर लाल फडकं टाकलेलं होतं. शेठाणी म्हणाल्या, “ते देवाचं हाय.” मी मान डोलावली आणि पुढे गेलो. लोकांच्या न्हाणीतली घमेली उचलायला माणूस पोलिसात हवा, असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं, ते पुढे येईल.

बारावं घर तळमजल्यावर वाघमारे बाईंचं. नवरा शाळेत क्लार्क होता, तो अचानक गेला. पेन्शन बेताची. पोरगी जिल्ह्यातल्याच निर्मल गावी टीचर ट्रेनिंग करत होती. तिच्या शिक्षणासाठी बाईंनी एक एचपीची छोटी पिठाची गिरणी घेतली होती. इमारतीतल्याच बायका दळण आणायच्या, आणि वर जाऊन त्याच गिरणीच्या आवाजाची तक्रार करायच्या.

“लिहा साहेब,” बाई म्हणाल्या. “दोन ट्यूब, दोन पंखे, टीव्ही. आन् ही गिरनी. एक एचपी हाय, पाटीवर लिहेल हाय, पाहून घ्या.” त्यांच्या नळाजवळ घमेलं नव्हतं. दोन कळश्या होत्या, दोन्ही सरळ.

ऑफिसात येऊन मी बेरीज केली. मग तिला डायव्हर्सिटी फॅक्टर लावला. नाव भारी आहे, गोष्ट साधी आहे. बारा घरांतली सगळी यंत्रं एकाच वेळी चालत नाहीत. कुणी मिक्सर लावतो तेव्हा दुसरा आंघोळ करत असतो, तिसरा झोपलेला असतो. म्हणून एकूण बेरजेच्या साधारण निम्मा लोड धरायचा. पुस्तकात तसं आहे आणि माझा तेव्हा पुस्तकावर फार जीव होता. निम्मा धरला तर आहे ती केबल पुरत होती. मग फ्यूज कशानं उडतो? सगळ्या यादीत मोटर अशी एकच दिसत होती, बाईंची. शिवाय घरगुती कनेक्शनवर धंदा करत होत्या, म्हणजे नियमही माझ्या बाजूनं. मी नोटीस काढली. गिरणी आठ दिवसांत काढावी, नाहीतर कनेक्शन तोडण्यात येईल. खाली माझी सही, चांगली लफ्फेदार.

तिसऱ्या दिवशी बाई नोटीस हातात घेऊन ऑफिसात आल्या. रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. टेबलासमोर उभं राहून त्यांनी एकच गोष्ट विचारली.

“गिरनी तं मी रोज चालवते साहेब. मंग फ्यूज रोज काऊन नाही जात?”

मी म्हणालो, “ते टेक्निकल असतं, बाई.”

“हौ,” त्या म्हणाल्या. “गिरनी गेली तं पोरीले वापस बोलवा लागते. सालाचं ट्रेनिंग अर्ध्यावर हाय. म्हनून इचारलं.” आणि गेल्या.

मला राग आला. आपल्याकडे उत्तर नसलं की साहेब लोकांना येतो तसला. पोशेट्टी दाराशी उभा होता. त्यानं तक्रारीचं रजिस्टर माझ्यासमोर उघडून ठेवलं. त्या इमारतीच्या नावासमोर एक दिवस तक्रार, एक दिवस खाडा, पुन्हा एक दिवस तक्रार. वेळ नेहमी सकाळचीच.

“सार, नीळ्ळूचा दिवस,” तो म्हणाला.

आदिलाबादला तेव्हा नळाला दिवसाआड पाणी यायचं. पाऊण तास, फार तर एक तास.

मग मला आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती आधीच न दिसल्याची आजही लाज वाटते. इमारतीत वीज तीन वायरींतून येते, प्रत्येक वायरीवर चार घरं आणि एक फ्यूज. बाईंची गिरणी त्यातल्या एकाच वायरीवर. रजिस्टरात मात्र कधी पहिला फ्यूज उडालेला, कधी दुसरा, कधी दोन एकदम. एका वायरीवरची गिरणी दुसऱ्या वायरीचा फ्यूज उडवू शकत नाही. हे आयटीआयच्या पहिल्या वर्षाच्या पोराला कळतं. मला सही करण्याच्या गडबडीत कळलं नव्हतं.

पुढच्या पाण्याच्या दिवशी सकाळी सहालाच आम्ही दोघं तिथल्या मीटरच्या खोलीपाशी जाऊन उभे राहिलो. माझ्या हातात टाँग टेस्टर. हे चिमट्यासारखं मीटर असतं. वायरीभोवती धरलं की किती वीज चालली आहे ते काटा सांगतो. काटा शहाण्यासारखा पंधरा अँपिअरवर बसला होता. बाईंना मी गिरणी बंद ठेवायला सांगितलं होतं. त्या कळश्या घेऊन अंगणातल्या नळाशी आल्या.

“पानी आलं की पाच मिनटं धार राह्यते साहेब,” त्या म्हणाल्या. “मंग वरून ओढतात, तं नळ नुसता सूं सूं करते. मंग मी हापशीवर जाते.”

“वरून ओढतात म्हणजे?”

“मोटरा लावून. सगळ्याईले मालूम हाय.”

“मग सर्व्हेच्या दिवशी सांगितलं का नाही?”

“तुमी माह्या घरचं इचारलं होतं साहेब. दुसऱ्याच्या घरचं कोनं इचारलं?”

एवढ्यात वरून आरोळी आली, “आलं! आलं!” पाणी आलं होतं. आणि अख्खी इमारत गुणगुणायला लागली. तो आवाज मी ओळखला. आमच्या क्वार्टरमध्ये दिवसाआड हाच आवाज यायचा. नळाला थेट मोटर लावायची नगरपालिकेची बंदी, म्हणून आमच्याही न्हाणीत ती घमेल्याखालीच असायची. लोकांची घमेली मी का उचलली नाहीत, ते आता सांगून झालं. एखाद-दुसरी मोटर असेल, असं मी सोयीनं धरलं होतं.

तिथे अकरा होत्या. मोटर सुरू होताना पहिल्या झटक्याला नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. आणि नळ काही पुस्तक वाचून येत नाही, सगळ्यांकडे एकदमच येतो. काटा जाऊन शेवटच्या खुंटीला टेकला. फट् करून दोन फ्यूज गेले.

वरच्या गॅलरीतून बनियनवरचे मामीडवार शेठ वाकले. “बाई! गिरनी बंद करा पयले!”

“शेठजी,” मी खालून म्हणालो, “बाई इथं माझ्याजवळ उभ्या आहेत.”

शेठजींनी पाहिलं. बाई कळशी घेऊन उभ्याच होत्या. शेठजींचं डोकं हळूच आत गेलं.

त्याच संध्याकाळी गच्चीवर मीटिंग घेतली. मी नवी यादी वाचून दाखवली. “धुणं, एक एचपी. कोंबडी, एक एचपी. देवाचं, दीड एचपी.”

मग मागून कुणीतरी फुसकन हसलं. हेडमास्तर म्हणाले, “कोंबडी अर्ध्या एचपीची हाय, साहेब.” मी तिथल्या तिथे दुरुस्ती केली.

“तुमी नगरपालिकेत सांगसान का?” शेठजींनी विचारलं.

“मला फक्त वीज मोजायची आहे. ही अकरा यंत्रं ठेवायची असतील तर सगळी केबल बदलावी लागेल, वेगळा ट्रान्सफॉर्मर लागेल आणि वर्ष जाईल. नाहीतर जमिनीत एक टाकी बांधा, नळाचं पाणी आपोआप तिच्यात पडू द्या, आणि सगळ्यांची मिळून एकच मोटर ते गच्चीवर चढवेल.”

टाकीला कुणाची ना नव्हती. भांडण झालं ते मोटरच्या किल्लीवरून. खालचे म्हणत, वरचे जास्त घेतील. वरचे म्हणत, शेठजी जास्त घेतील. तासभर गेला. शेवटी शेठजीच म्हणाले, “किल्ली बाईकडं द्या. त्या खाली राह्यतात, त्याईले जवळ पडते.” सगळे लगेच कबूल झाले. खरं कारण काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

घरी आल्यावर मी आधी आमच्या न्हाणीतलं घमेलं उचललं आणि खालची मोटर सोडायला घेतली. बायको म्हणाली, “काऊन? पाव्हणे येऊन राह्यले का?”

पावसाळ्याआधी टाकी झाली. केबल फक्त एक माप जाड घातली, तेवढ्यात सगळ्यांचे कूलरही बसले. फ्यूज उडायचे थांबले. बाईंच्या गिरणीला मी तिचा वेगळा मीटर मंजूर करून दिला आणि नोटीस मागे घेतल्याचं पत्र स्वतः घेऊन गेलो. ज्यानं सगळं खरं सांगितलं, तोच एकटा यादीत दिसला, आणि दिसला त्याला मी धरलं. ही माझी चूक होती आणि तसं मी बाईंना सांगितलं. त्यांनी पाटावर बसवलं, चहा दिला. पोरगी सुट्टीत आली होती, ती दळणाचे डबे लावत होती.

“जुनी नोटीस तेवढी परत द्या, बाई,” मी म्हणालो. “फाइलला लावायची आहे.”

“ते तं कामात हाय साहेब,” बाई म्हणाल्या आणि गिरणीकडे बोट दाखवलं. चार घड्या करून नोटीस गिरणीच्या मागच्या पायाखाली घातलेली होती. “फरशी वाकडी हाय, लय थरथरे. तुमचा कागद चांगला जाड हाय. आता जराशी हालत नाही.”

मी पुन्हा मागितली नाही. नोकरीत मी हजारो कागदांवर सह्या केल्या. त्यांतला रोज कुणाच्या तरी कामी आलेला असा तेवढा एकच मला माहीत आहे.