सेकंदकाकांचा पुदिना

पुदिना मारायला अंगात कसब लागतं. कुठल्या भिंतीच्या कडेला फेकलेली काडीसुद्धा पंधरा दिवसांत तरारून उठते. सेकंदकाकांनी मात्र दोन महिन्यांत दोन कुंड्या आडव्या केल्या होत्या, आणि काकूंच्या डोक्याचा पार भुगा झाला होता.

काका घड्याळं दुरुस्त करायचे. चव्वेचाळीस वर्षं, दोन हात पसरले तर भिंतींना लागतील एवढ्याशा दुकानात. किती वाजले विचारलं तर सेकंदासकट सांगायचे, म्हणून अख्खी गल्ली त्यांना सेकंदकाका म्हणे. वर्षभरापूर्वी उजवा हात थरथर कापायला लागला. महिनाभर त्यांनी ते लपवलं. मग एका दुपारी चिमटा निसटला आणि एका गिऱ्हाइकाच्या वडिलांच्या घड्याळातली केसाएवढी स्प्रिंग वाकडी झाली. ती काही सरळ होईना. गिऱ्हाईक बिचारं म्हणालं, "असू द्या काका, जुनंच होतं." दुसऱ्या दिवसापासून काकांनी दुकानाचं शटर उचललं नाही.

तेव्हापासून उजवा हात खिशात. शर्टाची बटणं काकूंनी लावायची. चहा स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून, कुणी बघत नाही ना ते बघून. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बोटं चालती ठेवा. असाच खिशात ठेवलात तर हा हात कामातून जाईल." दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. तो कपाटाखाली गेला, तो गेलाच.

"जाऊ दे की कामातून," काका म्हणाले होते. "आता काय राहिलंय करण्यासारखं?"

 पण ते ऐकून रडत बसणाऱ्यांतल्या काकू नव्हेत. दिवसभर शिलाई मशीनवर बसून दुसऱ्यांचे कपडे घट्ट-सैल करणारी बाई. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाईंनी सुचवलं, "पुदिना लावायला द्या त्यांना. रोज दहा-बारा पानं खुडायची, बोटांना व्यायामही होतो आणि चहाही होतो." काकूंना पटलं. त्यांनी लगोलग कुंडी आणली, माती भरली आणि नर्सबाईंनी दिलेल्या काड्या खोचून खिडकीत ठेवली.

काकांनी जीव लावला हो, तिथे खोट नाही. पण कसा? पहिल्या कुंडीला त्यांनी डाव्या हाताने, घड्याळाला तेल घालायच्या बारीक तोंडाच्या बाटलीतून पाणी दिलं. रोज सकाळी सातला, बुडख्याशी सहा थेंब.

"अहो, चिमणीसुद्धा याहून जास्त पिते!" काकू म्हणाल्या.

"जास्त झालं की आत गंज धरतो," काका म्हणाले.

गंज! पुदिन्याला! आठव्या दिवशी कुंडीत वाळक्या काड्या उरल्या.

दुसऱ्या कुंडीला पाणी काकूंनीच घातलं. तर यांनी दुकानातलं काचेचं घुमटासारखं झाकण आणून वर ठेवलं, उघड्या घड्याळावर धूळ बसू नये म्हणून ठेवतात ते. काकू गिऱ्हाइकाकडे मापं घ्यायला गेल्या की झाकण कुंडीवर, आल्या की खाली. आठवडाभरात पानांवर पांढरी बुरशी चढली आणि देठ काळे पडले. सांगून सांगून काकूंच्या तोंडाला फेस आला, पण सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

तिसरी कुंडी जगली, ती काकूंनी झाकण ट्रंकेत टाकून किल्ली कमरेला लावली म्हणून. पुदिना वाढला. काका रोज पट्टी लावून उंची सांगायचे, "आज पावणेअठरा सेंटिमीटर." पण ज्यासाठी एवढा खटाटोप केला, ते खुडणं काही होईना.

"खुडा की आता."

"उद्या."

"काल पण उद्याच म्हणालात."

"जरा भरू दे गं अजून."

तेरा दिवस हे उद्यापुराण चाललं. पुदिना लांबट, काटकुळा होऊन खिडकीबाहेर लोंबायला लागला. खालची पानं पिवळी पडून गळाली. नर्सबाई जिना उतरताना थांबून म्हणाल्या, "काका, शेंडे खुडले नाहीत तर हा फुटायचा नाही. असाच वाळून जाईल." काकांनी मान हलवली. हात खिशातच.

त्या दुपारी काकूंचा ताबा सुटला. कापडाची मोठी कात्री घेऊन त्या खिडकीशी गेल्या आणि कचाकच, कचाकच, सगळी कुंडी मातीपासून दोन बोटांवर भादरून टाकली.

"अगं, काय केलंस हे!" काका खुर्चीतून उठलेच.

"जे तुम्ही करायला हवं होतं ते! तीन कुंड्या आणल्या मी. कशाला? शोभेला? बोटं हलवायची सोडून पट्टी कसली लावत बसता?"

"मला हौस आहे होय? हात लावला तर मुळासकट उपटून येईल गं," काका एकदम ओरडले. मग आवाज खाली आला. "त्या घड्याळासारखं होईल."

 इतके दिवस काकूंना वाटत होतं, हा सगळा हट्ट आहे, आळस आहे. स्वतःचाच राग आला त्यांना, आणि तो राग पुन्हा काकांवरच निघाला.

"ते घड्याळ होतं! हा पुदिना आहे, पुदिना! कापला तरी येतो, उपटला तरी येतो. चव्वेचाळीस वर्षं एक काटा चुकू दिला नाहीत तुम्ही. आता चुका ना जरा! काय बिघडणार आहे?"

काका चार दिवस बोलले नाहीत. काकूही बोलल्या नाहीत. ताटं वाढली जायची आणि उचलली जायची. मनातून मात्र काकूंची पाचावर धारण बसली होती. खरंच मेला असेल तर? मग हा माणूस पुन्हा कशालाही हात लावायचा नाही. त्या पहाटे उठून चोरून कुंडीत बघून यायच्या.

सहाव्या दिवशी प्रत्येक बुडख्याला दोन-दोन कोंब फुटले. दहा-बारा दिवसांत कुंडी अशी गच्च भरली की माती दिसेना.

एका दुपारी काकू मशीनवर बाही शिवत होत्या. काका खिडकीशी उभे होते, बराच वेळ. मग खिशातून उजवा हात बाहेर आला. काकूंनी मान वर केली नाही, पायही थांबवला नाही. मशीन थांबलं तर त्यांना कळेल, मी बघतेय. डोळ्यांच्या कोपऱ्यातून दिसत होतं तेवढं त्या बघत होत्या. हात थरथरत पानापाशी गेला, चुकला, परत गेला. बोटांनी देठ धरला. एक हिसका बसला आणि आख्खी फांदी मुळासकट हातात आली, माती खिडकीभर सांडली.

काका तसेच उभे. हातातली फांदी पानापानांनी हलत होती.

"ग्लासात पाणी घ्या आणि ठेवा त्यात," काकू खाली बघूनच म्हणाल्या. "लागेल पुन्हा."

काकांनी ग्लास घेतला. काकूंनी बघितलं तर बाहीचं तोंड शिवून बंद झालं होतं. पुढचा अर्धा तास त्या टाके उसवत बसल्या.

ही झाली महिन्यापूर्वीची गोष्ट. आता खिडकीत ओळीने अकरा ग्लास आहेत. काकांनी चुकून उपटलेली एकेक फांदी त्यांत मुळं सोडून उभी आहे. आणखी चार नर्सबाईंकडे गेल्या, ग्लासांसकट. घरात पाणी प्यायला एक भांडं जागेवर सापडेल तर शपथ, आणि काकूंची त्यावरून रोज कटकट चालू असते.

काल संध्याकाळी नर्सबाई बसायला आल्या होत्या. स्वयंपाकघरातून कपबशीचा खडखडाट ऐकू आला. तो दारापर्यंत आला, आत आला, टेबलापर्यंत आला. उजव्या हातात कपबशी धरून काका नर्सबाईंच्या देखत काकूंसमोर येऊन थांबले. अर्धा चहा बशीत होता, थोडा शर्टावर. उरलेल्यावर पुदिन्याची पानं तरंगत होती, आणि एक बारीकसं मूळ.

"मुळासकट घातलात?" काकूंनी विचारलं.

"धुतलंय," काका म्हणाले.

काकूंनी बशीतला चहा कपात ओतला, मूळ चमच्याने बाजूला काढलं आणि चहा प्यायला. शेवटच्या घोटापर्यंत. मग रिकामा कप त्यांनी काकांपुढे धरला.

"अर्धाच आणलात," त्या म्हणाल्या. "जा, उरलेला घेऊन या."