कोरी लॉग फाइल

मित्रांनो, आठवी पास मी, घरापासून लांब नाशकात सर्व्हर सांभाळतो. ही तिसरी नोकरी.

काल दसऱ्याला ऑफिस पुसताना सर्व्हरवरची जुनी लॉग फाइलही उडवली, म्हणजे साइटवर कोण कधी आलं याची नोंदवही. ॲडमिनच्या नावाने नवी कोरी करून ठेवली.

आज पंचवटीच्या फुलवाल्या काकांचा फोन आला, त्यांची साइट आमच्याच सर्व्हरवर चालते. "सकाळपासून एक ऑर्डर नाय. साइट बंद होती का रे?"

बघतो तर लॉग कोराच. फाइल ॲडमिनच्या नावावर, म्हणून सर्व्हरला तिच्यात लिहायची परवानगीच नव्हती. ती दिली, नोंदी सुरू झाल्या. सकाळच्या मात्र गेल्याच.

आमच्या ऑफिसच्या मालकीणताई म्हणाल्या, "सर्व्हरनेच घोळ घातला ना?"

"नाही ताई, मी."

"मग काकांना तूच सांग."

सांगितलं. काका हसले, "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी झेंडू घेतं कोण?"

साइट बंद होती की गिऱ्हाईक नव्हतं, आता कळणार नाही. तुम्ही कबूल केलं असतं का?