नेट्टाची पट्टी आणि पांढरा बर्फ

किलब्रेनी गावात नेट्टा इम्रीइतकी हट्टी बाई शोधून सापडायची नाही. एकसष्ट वर्षांची झाली, तरी थंडी पडली की रोज सकाळी गिरमिट आणि लाकडी पट्टी घेऊन तळ्यावर हजर. बर्फाला भोक पाडायचं, जाडी मोजायची, कर्लिंग क्लबच्या वहीत लिहायची. कर्लिंग म्हणजे गोठलेल्या तळ्यावर जड, गुळगुळीत दगड खुणेपर्यंत सरकवायचा खेळ. आधी हे काम तिच्या बाबांचं. वही त्यांच्याही आधीची. कोण जिंकलं, वार्षिक जेवणात बीफ कच्चं राहिलं म्हणून कोण रुसलं, सगळं तिच्यात आहे. नियम एकच: बर्फ सात इंच असेल तरच तळ्यावर दगड सरकवायचे.

अकरा वर्षं तळं तेवढं गोठलंच नव्हतं. क्लब हॉलमध्ये बसून केक खाण्यापुरता उरला होता. तेही नेट्टाच्या हातचे, म्हणजे बुडाशी करपलेले.

यंदा फेब्रुवारीत मात्र गोठलं. सगळं गाव काठावर जमलं. सर्वांत पुढे सत्त्याऐंशीचे टॅम ग्लोग, आजोबांचा दगड हातगाडीत घालून. डॉक्टरांनी त्यांना पुढच्या हिवाळ्याची खात्री दिली नव्हती, आणि ते त्यांनी गावभर मिरवून सांगितलं होतं.

नेट्टाने भोकात पट्टी घातली. बरोबर सात.

"झालं तर मग. सरक बाजूला," टॅम म्हणाले.

"थांबा. वरचे दोन इंच पांढरे आहेत, भुसभुशीत बर्फ भिजून गोठलेला. त्याची ताकद निम्मी. हे सहाच धरायचे."

"पट्टीला काय कळतंय गं पांढरं नि काळं? ती सात म्हणते."

"बाबांचीही सातच म्हणाली होती."

वहीतली बाबांच्या अक्षरातली ती ओळ प्रत्येकाला पाठ होती: 'सात इंच. खेळायला हरकत नाही.' त्या दुपारी बर्फ फुटला. माणसं वाचली, पण दोन दगड अजून तळाशी आहेत. बाबांनी पुन्हा कधी दगडाला हात लावला नाही.

"पोरी, मला पुढचं वर्ष नाही," टॅम हळूच म्हणाले.

नेट्टाला त्यांच्याकडे बघवेना. तिने वहीत लिहिलं: 'सहा. खेळ नाही.'

लोक कुरकुरत घरी गेले. बेकरीवालीने तर दोन दिवस तिला शिळा पाव दिला. नेट्टाने तो खाल्ला, आणि चर्चमागच्या डांबरी अंगणात झारीने पाणी शिंपडत बसली. एक थर गोठला की दुसरा. तिसऱ्या दिवशी एका दगडापुरता गुळगुळीत पट्टा तयार झाला. मग तिने टॅमना बोलावलं.

"हे तळं म्हणायचं की चहाची बशी?"

"बुडालात तर घोट्यापर्यंत बुडाल. चला."

टॅम कण्हत वाकले. दगड सुटला, घरघरत निघाला. तो लांब जावा म्हणून नेट्टा झाडूने त्याच्यापुढचा बर्फ घासत धावली. खुणेच्या हातभर अलीकडे तो थांबला.

"झाडू नीट मारला नाहीस," टॅम म्हणाले. "आण तो दगड इकडे. पुन्हा."

सतरा वेळा टाकला त्यांनी. शनिवारी ऊन पडलं आणि तळं वितळलं. मोजलं त्या दिवशी त्याने गावाला पेललं असतं का, हे आता कळायचं नाही. नेट्टा अजून त्याचा विचार करत ओट्याशी उभी राहते, केक करपेपर्यंत.