कुंकू नसलेली जपानी बाई

जुने जपानी सिनेमे मला आवडतात, आणि म्हणूनच माझा त्यांच्यावर विश्वास नाही. बाईचं दुःख त्यांत इतकं देखणं दिसतं, की ते थांबावं असं वाटायच्या आत तोंडून 'वा' निघून जातं. हे सौंदर्य कुणाच्या सोयीचं, हे विचारायला नको?

शहाद्यात एक निवृत्त प्राध्यापक रविवारी दुपारी वाचनालयात असे सिनेमे दाखवतात. आम्ही त्यांना सर म्हणतो. गेल्या वर्षी त्यांनी अचानक 'फक्त महिलांसाठी' खेळ ठेवला आणि ब्राह्मणपुरीला आमच्या घरी निरोप धाडला, ताईला आणाच. ताई, माझी मोठी बहीण, नवऱ्याचा मार खाऊन माहेरी आलेली. सर तिच्या सासरचे नातलग, समझोत्याचे मध्यस्थ. दुसऱ्याच दिवशी धानोऱ्याहून तिला न्यायला माणसं येणार होती. मी संशय घेऊ नको तर काय करू?

ताईला आणि गल्लीतल्या बायकांना घेऊन मी गेले. पडद्यावर खाली येणारे इंग्रजी संवाद सर माइकवर मराठीत वाचत होते. सिनेमातला नवरा दुकानदार, बाहेर दुसरी बाई. बायको त्याला वाकून चहा देते, वाकून निरोप देते. कॅमेरा पार खाली, चुलीपुढे बसलेल्या बाईला घर जिथून दिसतं तिथे. पुरुष निघून गेले तरी तो तिच्या पाठीवरून हलत नाही. मला राग येत होता आणि पडद्यावरून नजर काढवत नव्हती.

एक दिवस ती माहेरी निघून जाते, आणि शेवटी तो न्यायला आल्यावर त्याच्यासोबत परत निघते. तेवढ्यात मागून एक काकू म्हणाली, "देरना घर का जाई ऱ्हायनी वं ती?"

सर थांबले. "दीर नाही हो. नवरा आहे तो तिचा."

"नवरा? कपाय तं उघडं शे तिनं. लुगडंबी धवळं."

"जपानात कुंकू लावत नाहीत. आणि सिनेमाच काळा-पांढरा आहे, बाई."

"मंग आम्हले कसं कयी? त्यानं वागनं देखीसन तं नवरा वाटना नई."

सगळा हॉल हसला. सर हसले नाहीत. पडदा विझल्यावर ते माइक घेऊन उभे राहिले. संयम, क्षमा, घर राखणारी स्त्री. मला वाटलंच होतं. मी उठणार, तोच शेजारून ताई बोलली. बसल्या जागेवरूनच.

"सर, ती परत उनी. मंग पिक्चर तठेच का सरना? पुढलं का बरं नई दखाडं?"

"तेच तर कलेचं वैशिष्ट्य. पुढचं प्रेक्षकाने समजून घ्यायचं."

"पुढलं मी देखेल शे," ताई म्हणाली.

सरांनी माइक बंद केला.

सोमवारी माणसं आली, सर सोबत. ताईने चहा दिला आणि म्हणाली, "माले जानं नई शे." सासऱ्यांनी सरांकडे पाहिलं. सर म्हणाले, सिनेमा तिला कळलाच नाही. मला अजून ठरवता येत नाही. दिग्दर्शकाने तिथेच थांबून त्या बाईला पुढच्यापासून वाचवलं, की नुसते हात झटकले? पुन्हा पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही. पण सिनेमाचा पेनड्राइव्ह सरांकडे आहे. पुढच्या रविवारी तलवारींचा सिनेमा लागला, आणि बायकांना बोलावणं नव्हतं.