समोरचे काका बाहेर असतात

आमच्या वापीजवळच्या डोकमर्डीच्या बिल्डिंगीत कुणाशी ओळख झाली की पहिला प्रश्न ठरलेला, "तुम्ही मूळचे कुठले?" मी मालवणकडची, इथल्या शाळेत मराठी शिकवते. आमचे हे शिरपूरकडचे, धाग्याच्या कारखान्यात सुपरवायझर. खालच्या मजल्यावर बिहार, वर सौराष्ट्र. त्यामुळे "बाहेर" हा शब्द आम्ही फार सैल वापरतो. वापीला बदली झालेला बाहेर, सुरतेला गेलेला बाहेर, आणि लेकीच्या बाळंतपणाला नाशिकला गेलेली शेजारीणही बाहेरच.

समोरच्या फ्लॅटचे काका असेच बाहेर असायचे, माझ्या मते वापीला. फ्लॅट कुलूपबंद, चावी आमच्या खिळ्याला. आठवड्यातून एकदा मी खिडक्या उघडायची आणि गॅलरीत ड्रममध्ये लावलेल्या त्यांच्या कढीपत्त्याला पाणी घालायची. बदल्यात पाला आमचा. काका दिवाळीला यायचे, खजुराचा मोठा डबा द्यायचे, चार दिवस राहून जायचे. आता सहा वर्षं खजूर खाऊनही मला शंका येऊ नये? नाही आली. वाटायचं, वापीला खजूर चांगला मिळत असेल.

मग आमच्या घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलं. वार्षिक परीक्षा संपल्या की घर रिकामं करा, असा निरोप आला. मी सरळ काकांना फोन लावला आणि विचारलं, समोरचा फ्लॅट आम्हाला विकता का. सव्वीस लाखांवर दोन फोनमध्ये जमलंसुद्धा. बँकेचं कर्ज मिळत होतं, मुलींची शाळा बदलत नव्हती, सामान हलवायला टेम्पोही नको. मी तर मनातल्या मनात पडद्यांचे रंग ठरवले.

शेजारच्या आमलीतल्या वकिलांनी कच्चा करार केला. त्यांनी विचारलं, विकणारे कुठे असतात? मी ठसक्यात सांगितलं, "बाहेर. वापीला." त्यांनी "निवासी भारतीय" लिहून टाकलं.

त्या संध्याकाळी काकांना म्हटलं, सहीला या. ते म्हणाले, "येतो की, पुढच्या आठवड्याचं तिकीट बघतो."

"वापीहून यायला तिकीट कसलं? रिक्षात बसा."

 मग ते म्हणाले, "बाई, मी मस्कतला असतो. आठ वर्षं झाली."

मी मराठीची शिक्षिका. वर्गात पोरांना शब्दाचा नेमका अर्थ विचारते, चुकलं की पाच वेळा लिहायला लावते. आमचे हे इतके हसले की त्यांना ठसका लागला.

पण हसू दुसऱ्या दिवशी आटलं. वकिलांनी आम्हाला त्यांच्या ऑफिसच्या वरच्या मजल्यावरच्या सीए बाईंकडे पाठवलं. त्यांनी फोड करून सांगितलं. विकणारा निवासी असेल तर पन्नास लाखांच्या आतल्या घरावर घेणाऱ्याला विकणाऱ्याच्या पैशातून कर कापावा लागत नाही. विकणारा अनिवासी असेल तर किंमत कितीही असो, कर कापून सरकारात भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. आणि तो कापायचा पूर्ण किमतीवर, विकणाऱ्याचा नफा चिमूटभर असला तरी. नाही कापला तर त्याचा कर व्याजासकट माझ्या डोक्यावर. म्हणजे गुन्हा खजूरवाल्याचा नाही, खाणारीचा. लग्न पाहावं करून, घर पाहावं बांधून म्हणतात. म्हणणाऱ्याने मस्कतवाल्याकडून फ्लॅट घेतलेला नव्हता.

"एक वाट आहे," सीए बाई म्हणाल्या. "त्यांनी आयकर खात्याकडून कमी कापण्याचा दाखला आणायचा. मग खऱ्या नफ्याच्या हिशेबाने थोडंच कापायचं. पण अर्ज त्यांनी करायचा आणि त्यात अनिवासी म्हणून सही करायची."

काका आले, आमच्याच घरी जेवले, आणि हे ऐकताच अडून बसले. म्हणाले, "आहे तो करार राहू दे. माझ्या आधार कार्डावर इथलाच पत्ता आहे, कोण विचारतंय? नाहीतर आमलीचा एक दुकानदार मागे लागलाय. तो असलं काही कापत नाही."

आमचे हे माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आते काय करानं?" घाबरले की ते अहिराणीत जातात. मी घाबरले की भांडते.

"काका, पत्ता कार्डावर असतो, कायदा इथे राहिलेले दिवस मोजतो," मी म्हटलं. "उद्या नोटीस आली तर ती मस्कतला नाही, माझ्या दारात येणार. द्या त्या दुकानदाराला. सहा वर्षं तुमच्या झाडाला पाणी घातलं, आता तोच घालेल."

बोलले खरी, पण घर हातचं गेलं असंच वाटलं. काका उठून चावी घेऊन समोर गेले. थोड्या वेळाने मी चहा घेऊन गेले तर गॅलरीत झाडापाशी उभे.

"पैशाचं नाही बाई," ते म्हणाले. "तेवीस वर्षं काढली मी या गावात. बायको इथेच गेली. तिने लावलेलं हे. तिकडे मी बाहेरचा, ते ठीक आहे. आता इथेही मीच सही करून द्यायची, की मी इथला नाही?"

मला माझीच लाज वाटली. सहा वर्षं त्या झाडाचा पाला आमटीत घालत होते आणि ते कुणी लावलं हे कधी विचारलं नव्हतं. पण शिक्षिकेची खोड जात नाही. मी म्हटलं, "काका, अनिवासी हे विशेषण तुमच्या दिवसांचं आहे, तुमचं नाही. व्याकरण माझ्यावर सोडा." ते कसंनुसं हसले आणि चहा प्यायले. दुसऱ्या दिवशी अर्जावर सही केली.

दाखला यायला परीक्षा उलटून गेल्या. आमच्या घरमालकाने दोनदा फोन केला, तो आमलीचा दुकानदार एकदा बिल्डिंगखाली उभा राहून मजले मोजून गेला, आणि माझं तोंड घरात सगळ्यांवर सुटलं. शेवटी दाखला आला. आम्ही थोडं कापलं, सरकारात भरलं, काका पुन्हा आले आणि रजिस्ट्री झाली. तिथल्या कारकुनाने सवयीने विचारलं, "काका, तुम्ही कुठले?" काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कागदात बघा, बाहेरचा आहे." या वेळी ते मोकळं हसले.

चावी द्यायचा प्रश्नच नव्हता, ती आमच्याच खिळ्याला होती. निघताना काका गॅलरीत गेले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "बाई, दिवाळीला आलो तर थोडा पाला नेला तर चालेल का?"

"विचारून न्यायला तुम्ही काय बाहेरचे आहात?" मी म्हटलं.

त्यांनी तेव्हाच चार डहाळ्या तोडून रुमालात बांधल्या. जरा जास्तच तोडल्या, पण मी काही बोलले नाही.