आम्ही चौघे मिळून दीड

भांडवलशाहीला पर्याय शोधायचा तर आधी एकदा समोरासमोर भेटायला हवं, एवढा ठराव आमच्या ई-मेल गटात मंजूर व्हायला अडीच महिने लागले. गटाचं नाव ‘वाटून घेऊ’. नियम एकच, प्रत्येक गोष्ट सर्वानुमते. एकानं जरी ‘नाही’ म्हटलं तरी चर्चा पुन्हा पहिल्यापासून. मी घरी बसून डीटीपीची कामं करते. फुकटचे मराठी फॉन्ट शोधता शोधता या गटात शिरले आणि बाहेर कसं पडायचं ते कळेना, म्हणून राहिले.

सहलीचं खापर माझ्याच डोक्यावर फुटायला हवं. नाशिकजवळ मखमलाबादला आमचा झेंडू आणि भाजीपाला असतो. दर हिवाळ्यात हरसूलकडच्या जनाबाई आमच्याकडे मजुरीला येतात. त्यांनी एकदा सावडीबद्दल सांगितलं होतं. भाताच्या आवणीला त्यांच्या पाड्यावर कोणी कोणाला मजुरी देत नाही. आज सगळे माझ्या खाचरात रोपं लावतील, उद्या मी त्यांच्या खाचरात. हातांच्या बदल्यात हात. हे मी गटात लिहिलं आणि पेटलं. गटाचे चालक अनंतकाका, बँकेतून निवृत्त, प्रत्येक मेल जाड अक्षरांत लिहिणारे. त्यांनी लिहिलं, ‘आपण जगभर शोधतोय आणि हे त्र्यंबकच्या पलीकडे आहे.’ मग कोणी यायचं, ताटं आपापली न्यायची का, यावर इतक्या मेल झाल्या की निघायच्या दिवशी आम्ही चौघेच उरलो.

अनंतकाका, मी, कॉलेजात समाजशास्त्र शिकवणारी मेघना आणि संगणकातला संतोष. संतोष खाजगी मालमत्तेच्या विरोधात फार पोटतिडकीनं लिहितो. प्रवासात त्यानं हवा भरायची एक उशी आणली होती आणि तिला कोणी हात लावलेला त्याला चालत नव्हता.

आधी जनाबाईंचा एसटीडी बूथवरून फोन आला होता. “वहिनी, येनार ना? किती जण?” मी म्हटलं, चौघे. “चौघं? लय बरं झालं. मी सांगून ठिवते.” केवढी ही आतिथ्यशीलता, असं मला वाटलं. मी ते गटातही लिहिलं.

तर, जाणाऱ्यांसाठी माहिती. नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सकाळची हरसूल गाडी धरा. तिकीट मिसळीच्या एका प्लेटपेक्षा थोडं जास्त. डाव्या बाजूला बसा, त्र्यंबकपुढच्या आंबोली घाटात ढग खिडकीतून आत येतात. बूट अजिबात नेऊ नका, प्लॅस्टिकच्या चपला न्या. त्र्यंबकनंतर एटीएम नाही, घाट उतरला की मोबाईलला रेंज नाही. आणि त्र्यंबकला गाडी थांबते तेव्हा चहा पिऊन घ्या, आमच्यासारखं करू नका. काकांना वडा हवा होता, मेघनाला फक्त चहा, आणि संतोषला कोल्ड्रिंक कंपनीची पाटी नसलेली टपरी हवी होती. एकमत होईना. कंडक्टर दारात उभा राहून हे सगळं ऐकत होता. शेवटी म्हणाला, “साहेब, मीटिंग झाली असंल तर दार लावू का?” आम्ही उपाशीच पुढे निघालो.

हरसूलहून पाड्यापर्यंत जीप. ती भरली की सुटते, आणि भरली हे ड्रायव्हर ठरवतो. एक कोंबडा काकांच्या मांडीवर होता, पण तो शांत होता. शेवटचा चढ पायी. पाऊस बारीक पण अखंड.

जनाबाईंच्या अंगणात आठ-दहा माणसं छपराखाली जमली होती. मला वाटलं स्वागताला. ती सगळी आमच्याकडे बघत होती, मग आमच्या मागे बघत होती. छत्री, धोतर आणि कपाळावर आठ्या असलेले पांडूभाऊ पुढे आले.

“जनाबाई, गडी मागून येत्यात का?”

“हेच हायेत,” जनाबाई म्हणाल्या.

काकांनी हात जोडले. पांडूभाऊंनी काकांच्या पांढऱ्या पायमोज्यांकडे पाहिलं आणि सावकाश घरी गेले.

जेवताना सगळं कळलं. नागलीची भाकरी, उडदाचं वरण, मिरचीचा ठेचा; इतकं चवदार की संतोषनं चौथी भाकरी कोणालाही न विचारता घेतली. जनाबाईंचे यजमान खाटेवर होते, पाय प्लास्टरमध्ये. कौलं परतताना घसरले होते. आता घरात राबायला एकट्या जनाबाई. त्यांच्या वरच्या खाचरात पांडूभाऊंच्या घरचे चार गडी राबून गेले होते. ते चार फेडले की सगळी सावड जनाबाईंच्या खालच्या मोठ्या खाचरात उतरणार होती. वर्षाचं भात तिथंच पिकतं. रोप टाकून बरेच दिवस झाले होते, ते आता म्हातारं व्हायला लागलं होतं. अजून दोन-तीन दिवस गेले तर लावून उपयोग नाही.

“तवा म्या सांगितलं, नाशिकवरून चार येत्यात,” जनाबाई म्हणाल्या.

म्हणजे आम्ही अभ्यासक नव्हतो. आम्ही परतफेड होतो. मेघनानं वही मिटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पांडूभाऊंच्या खाचरात उतरलो. गुडघ्याएवढा चिखल. ओळीनं वाकून उभं राहायचं, डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हातानं चार-चार काड्या खोचत मागे सरकायचं. एवढंच काम. काका म्हणाले, “आधी ओळ कुठून सुरू करायची यावर सगळ्यांचं मत घेऊ.” त्यांचं वाक्य पूर्ण होईस्तोवर ओळ मागे सरकून पार बांधाला लागली होती. काका एकटेच समोर उभे, मत मागायला कोणी नाही. संतोषचं वेगळंच झालं. त्याच्या दोन्ही बाजूच्या बायका सरसर मागे गेल्या आणि त्यांनी त्याच्या डावी-उजवीकडे आणि मागेही भात लावून टाकलं. तो मध्ये अडकला. बाहेर यायचं तर लावलेलं तुडवावं लागणार. तो तसाच बराच वेळ उभा होता. मेघनानं शेजारच्या बाईला विचारलं, “असं एकत्र राबताना मनात काय येतं?” बाई म्हणाली, “कंबर दुखती.”

मी माझ्या ओळीवर खूश होते. मागे वळून पाहिलं तर माझी सगळी रोपं पाण्यावर तरंगत होती. जनाबाई माझ्या शेजारूनच लावत होत्या. त्या काही न बोलता माझी तरंगती रोपं गोळा करून पुन्हा खोचत होत्या. “वहिनी, तुमी घरची फुलं तोडताना बी खुर्ची घेता,” एवढंच म्हणाल्या. खरं आहे, घेते.

दिवेलागणीला पांडूभाऊंच्या ओट्यावर हिशेब झाला. पांडूभाऊ, त्यांची आई सखूबाई, जनाबाई आणि आम्ही. पांडूभाऊ बोटांवर मोजून म्हणाले, “चौघांचा मिळून एक धरतो.”

काका चिडले. “माणसामाणसांत असा भेद? चार माणसं म्हणजे चार माणसं. समतेचं काय?”

“काका, तुमी लावलेलं पुन्यांदा लावाया दोन मानसं गेली माझी,” पांडूभाऊ शांतपणे म्हणाले. “ती धरली तर तुमीच देनं लागता.”

काका खाली बसले. घासाघीस करून जनाबाईंनी दर दीडवर नेला. चौघांचे मिळून दीड. मी आयुष्यात बऱ्याच परीक्षा दिल्या, इतका नेमका निकाल कधी लागला नव्हता. पण जनाबाईंचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं. चारातले दीड फिटले होते, अडीच बाकी होते, आणि रोप थांबणार नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. इतके दिवस आम्ही हिच्या सावडीवर लेख लिहीत होतो आणि हिला आमच्याकडून फक्त हात हवे होते.

परत येताना मी हळूच म्हटलं, “जनाबाई, हरसूलहून मजूर लावू. पैसे मी देते.”

त्या पायवाटेवर थांबल्या. “नको वहिनी. औंदा तुमी द्याल. एकदा पैसा आला का पुढच्या साली समदे पैसाच मागतील. मी कुठून आनू? मला तर हातच हायेत.”

आमच्या गटानं याच विषयावर किती मेल लिहिल्या होत्या, पण हे वाक्य कोणाला सुचलं नव्हतं.

तोडगा सखूबाईंनी काढला. सकाळी त्या काठी टेकत आल्या आणि आम्हा चौघांना नीट न्याहाळून म्हणाल्या, “यांना चिखल जमत नाय. मंग कोरड्यात काय जमतं?” त्यांच्या दोन सुना आणि शेजारची एक, अशा तिघी रोज घरी अडकत होत्या. पोरं, शेळ्या आणि सगळ्यांच्या भाकऱ्या यापायी. ते आम्ही केलं तर तिघी खाचरात उतरतील. “यांच्यामुळं सुटल्या, तर त्यांचं हात यांच्याकडं धर,” त्यांनी लेकाला सांगितलं. पांडूभाऊंनी डोकं खाजवलं. दीड आणि तीन, साडेचार. त्यांना कुठे चूक सापडेना.

गटाच्या इतिहासात पहिल्यांदा चर्चा न होता निर्णय झाला. आम्ही चौघांनी एकदमच ‘हो’ म्हटलं आणि एकमेकांकडे संशयानं पाहिलं.

काकांकडे पोरं आली. त्यांनी पोरांना गोल बसवलं आणि कोणता खेळ खेळायचा ते सर्वानुमते ठरवायला सांगितलं. पोरांनी ताबडतोब ठरवलं, की काका घोडा. दुपारपर्यंत काका घोडाच होते. संतोष शेळ्या घेऊन माळावर गेला. खरं तर शेळ्याच त्याला घेऊन गेल्या, आणि संध्याकाळी त्यांनीच परत आणलं. मधल्या वेळात एका करडानं त्याच्या उशीचा कोपरा खाल्ला. “जाऊ दे, त्याला भूक लागली असेल,” असं तो स्वतःच्या तोंडानं म्हणाला, याला मेघना साक्षीदार आहे. मी आणि मेघना चुलीशी. माझी भाकरी तव्यावर जाईपर्यंत नकाशासारखी व्हायची, पण पोटात सगळं सारखंच होतं, असं म्हणून सखूबाई माझ्याजवळ बसून राहिल्या.

दुपारी भाकऱ्यांची टोपली डोक्यावर घेऊन गेले तेव्हा पांडूभाऊंचं खाचर संपलं होतं. पंचवीस-तीस माणसांची ओळ जनाबाईंच्या खालच्या खाचरात उतरलेली. गाणी, शिव्या, हसणं. जनाबाई मधोमध होत्या आणि सगळ्यांत मोठ्यानं बोलत होत्या. त्यांना इतकं बोलताना मी आमच्या मळ्यात कधी ऐकलं नव्हतं. अंधार पडायच्या आत शेवटची मूठ लागली. यजमानांना दोघांनी उचलून बांधावर आणलं, खाचर दाखवायला. ते बघत राहिले. मीही.

निघताना कोणी पैसे घेतले नाहीत. जाणाऱ्यांनी तूरडाळ, साखर, चहा, तेल असं घेऊन जावं, ते घेतात. येताना त्र्यंबकला आम्ही समोर दिसेल त्या टपरीवर समोर येईल ते खाल्लं.

घरी आल्यावर मला वाटलं, झालं, एक छान आठवण झाली. कंबर पंधरा दिवस बोलत होती. गटात काकांनी अहवाल टाकला, त्यात ‘दीड’ हा शब्द गाळला होता.

मग दसऱ्याच्या दोन दिवस आधी, झेंडू तोडायला मजूर मिळेना म्हणून आमचे सासरे, नाना, हवालदिल झाले होते. फुलं आज तुटली नाहीत तर दसऱ्यानंतर त्यांना कोण विचारतो. सकाळी फाटकाशी जनाबाई उभ्या. सोबत पांडूभाऊ, सखूबाईंच्या दोन्ही सुना, म्हणजे एक त्यांची बायको आणि एक भावजय, आणि शेजारची ती तिसरी. टोपल्या कुठं ठेवल्यात, एवढं विचारून ती पाच जणं सरीत शिरली. संध्याकाळी नाना पाकिटं घेऊन आले तर जनाबाईंनी हात मागे घेतले.

“आज हजेरी नाय, नाना. आज सावड हाय.”

नाना माझ्याकडे बघायला लागले. मी जनाबाईंना बाजूला घेतलं. “अहो, आम्ही तर दीडच होतो.”

“ते पांडूभाऊंच्या खाचरात. माझ्याकडं चौघं आलं, चौघं धरलं.”

“पण तुम्ही तर पाच जण आलात.”

त्यांनी पदराला हात पुसले. “बरोबर फिटलं, तर तुमी परत कशाला याल?”

मला रडू आलं. नानांनी लांबून विचारलं, कंबर धरली का, तर मी हो म्हटलं. दिवाळीच्या सुमारास भाताची कापणी आहे. आमच्यावर एक अख्खं माणूस आहे, आणि ते देणं मला फार आवडतंय. फेडायला जाणारच आहोत, पण येताना थोडं बाकी ठेवूनच येईन.